बीटल्सची २१३ गाणी: हौशी वादकाने सगळी कशी बसवावीत

आवडत्या बँडचं एकूण एक गाणं आपल्याला वाजवता यावं, हे खूळ गिटार हातात घेतलेल्या बहुतेकांच्या डोक्यात कधी ना कधी शिरतं. बहुतेकांचं ते दहा-बारा गाण्यांत उतरतंही. सुरुवात आवडत्या गाण्यांपासून होते, ती पटापट संपतात आणि मग अवघड, अनोळखी आणि थोडी कंटाळवाणी गाणी तेवढी समोर उरतात. तिथे गिटार खोळीत जाते.

हे सगळं मी बीटल्स या इंग्लिश बँडच्या (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार) संदर्भात सांगणार आहे. एक तर त्यांचं काम संपलेलं आहे. १९६२ ते १९७० एवढाच काळ, त्यामुळे यादी वाढत नाही. दुसरं म्हणजे त्यात तीन कॉर्डच्या गाण्यापासून उलट्या फिरवलेल्या टेपपर्यंत सगळं येतं, त्यामुळे इथे जमलं तर दुसरा कुठलाही बँड जड जात नाही. माझं म्हणणं एकच आहे. २१३ गाणी म्हणजे २१३ वेगवेगळी कामं नाहीत. प्रत्येक बँडच्या काही खोडी असतात. त्या तीस-चाळीस खोडी हातात बसल्या की निम्मी गाणी जवळजवळ फुकटात मिळतात. ज्याला खोडी दिसत नाहीत तो पन्नासाव्या गाण्यालाही पहिल्याइतकाच घाम गाळतो.

आधी हद्द आखा

'सगळी' म्हणजे किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा. बीटल्सच्या बाबतीत सर्वमान्य आकडा २१३ आहे. 'प्लीज प्लीज मी' (१९६३) ते 'लेट इट बी' (१९७०) असे मुख्य अल्बम, त्यांत अमेरिकेत अल्बम म्हणून आलेला 'मॅजिकल मिस्टरी टूर', आणि अल्बममध्ये नसलेली, फक्त सिंगलवर आलेली वगैरे गाणी एकत्र करणारा १९८८ चा 'पास्ट मास्टर्स'. दोनदा येणारी गाणी वगळली की २१३ उरतात. त्यांतली १८८ त्यांची स्वतःची आणि २५ इतरांची.

यात दोन गाणी जर्मन भाषेत आहेत, 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' आणि 'शी लव्हज यू' यांचीच रूपं. वाजवण्यात नवं काही नाही, फक्त शब्द पाठ करायचे. १९९५, १९९६ आणि २०२३ मध्ये जुन्या टेपवरून बनवलेली तीन गाणी, रेडिओवरची गाणी आणि मागाहून बाहेर आलेले अर्धवट टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) हद्दीबाहेर ठेवा. हौस असेल तर नंतर. हद्द सरकत राहिली की काम कधीच पुरं होत नाही.

वेळेचा अंदाजही आत्ताच घ्या. सगळी गाणी सलग वाजवली तर साधारण दहा तास होतात. आठवड्याला दोन या वेगाने दोन वर्षं आणि वर थोडे दिवस लागतील. परीक्षा, लग्नसराई, गणपती आणि ऑफिसचा मार्च महिना धरून तीन वर्षं म्हणा. एका वर्षात उरकण्याचा बेत नोकरी करणाऱ्या माणसाने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'आलं' म्हणजे किती आलं?

प्रत्येक गाण्यासाठी तीनपैकी एक पायरी ठरवा आणि वहीत नावापुढे लिहा.

पहिली पायरी: कागद न बघता कॉर्ड वाजवत पूर्ण गाणं म्हणता येणं. सहलीला, गच्चीवर, कुणाच्या वाढदिवसाला जेवढं लागतं तेवढं. दुसरी पायरी: मूळ पट्टी, मूळ जागेवरचे कॉर्ड, मुख्य रिफ (परत परत येणारी छोटी धून) आणि सोलो. तिसरी पायरी: निदान दोन वाद्यांचे किंवा दोन आवाजांचे भाग येणं, म्हणजे गिटारबरोबर बास, किंवा मुख्य आवाजाबरोबर वरचा सूर.

सगळी २१३ पहिल्या पायरीवर, त्यांतली साठ-सत्तर दुसऱ्या आणि वीसेक तिसऱ्या पायरीवर, एवढं झालं तर एखाद्या हौशी माणसाने फार मोठी मजल मारली असं समजावं. सगळीच गाणी तिसऱ्या पायरीवर न्यायला निघालेले लोक मला पहिल्या तीन अल्बमच्या पुढे गेलेले दिसत नाहीत.

सामान

एक बरी ॲकॉस्टिक गिटार, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर आणि तारेचे चांगले इअरफोन. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि रेकॉर्डबरोबर वाजवताना तेवढाही नको. गाणं पट्टी न बदलता हळू करणारं आणि वेग न बदलता पट्टी थोडी वर-खाली करणारं एखादं सॉफ्टवेअर लागेल. ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि दोन्ही करतं. नुसतं हळू ऐकायचं तर यूट्यूबवरही वेग कमी करता येतो. आणि एक दोनशे पानी वही.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात तारा गंजतात, लाकूडही थोडं फुगतं. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि गिटार खोळीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. इलेक्ट्रिक गिटार दुसऱ्या वर्षी घेतली तरी चालते. शेजारीही तोवर सरावतात.

एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा) अजून बसत नसेल तर आधी तो बसवा. बीटल्समध्ये त्याच्यापासून सुटका नाही.

क्रम कोणता?

अक्षरानुक्रम निरुपयोगी आहे. आवडीचा क्रम सुरुवातीला गोड लागतो आणि नंतर अंगाशी येतो. रेकॉर्ड निघाल्या त्या क्रमाने जावं हा सल्ला बरोबर आहे, कारण बँड स्वतः ज्या क्रमाने शिकत गेला त्याच क्रमाने आपणही शिकतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र लोकांची गाणी वाजवून त्यांचे हात तयार झाले होते, आणि पहिल्या दोन अल्बमांवर चौदापैकी सहा-सहा गाणी इतरांचीच आहेत.

म्हणून पहिला गठ्ठा परक्या गाण्यांचा घ्या. 'रोल ओव्हर बीथोव्हन', 'लाँग टॉल सॅली', 'डिझी मिस लिझी', 'मॅचबॉक्स'. या सगळ्यांत तोच बारा मात्रागटांचा ब्लूजचा साचा आहे: सा, म आणि प यांच्यावरचे तीन कॉर्ड, ठरलेल्या जागी बदलणारे. एकदा तो हातात बसला की पट्टी तेवढी बदलायची. हाच साचा त्यांच्या स्वतःच्या गाण्यांतही डोकावतो. 'कान्ट बाय मी लव्ह'चं कडवं, 'बर्थडे', 'फॉर यू ब्लू', 'यर ब्लूज' बघा. 'डे ट्रिपर' तर या साच्यात सुरू होऊन मध्येच वाट सोडतं.

दुसरा गठ्ठा १९६३ ते १९६५ या काळातल्या त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा. इथे मी क्रम थोडा मोडायला सांगेन. बोटांनी तारा छेडायची गाणी बहुतेक १९६८ च्या दुहेरी अल्बमवर आहेत आणि तिथे कालक्रमाने पोहोचायला दीड वर्ष जाईल. ती आधीच, रोज दहा मिनिटं अशी सुरू करा. त्याच वर्षी बीटल्स ऋषिकेशला असताना डोनोव्हन या गायकाने जॉन लेननला अंगठा आणि बोटं आलटून-पालटून चालवायची पद्धत दाखवली. 'डिअर प्रूडन्स' आणि 'ज्यूलिया' त्यातूनच आली. त्या हाताला महिने लागतात. डोकं समजून घेतं ते एका संध्याकाळी, बोटं घेतात त्यांच्या वेळेने.

'ब्लॅकबर्ड'ची गोष्ट वेगळी आहे. बाखच्या एका बुरेमधून (जुन्या नाचाच्या चालीतून) मॅकार्टनीला ती कल्पना सुचली. पाचवी आणि दुसरी तार बरोबरीने सरकतात, मधली मोकळी जीची तार सतत वाजत राहते. पहिल्याच ओळीत तीनाचा गट येतो आणि लगेच चाराचा. पायाने ठेका धरून आधी नुसतं गुणगुणा, मग गिटार घ्या.

बाकी गठ्ठे तुमच्या सोयीने पाडा. 'रिव्हॉल्व्हर' (१९६६) पासून पुढचं सगळं सावकाश घ्या.

खोडी ओळखा

वहीच्या मागच्या पानांवर खोडींची यादी ठेवा. नवं गाणं बसवलं की त्यात कुठली जुनी खोड दिसली ते लिहा. सुरुवातीला मी देतो त्या चार घ्या.

मध्यमावरचा मायनर. मेजर पट्टीतल्या गाण्यात मध्यमावरचा मेजर कॉर्ड वाजतो आणि लगेच तोच मायनर होतो. आतल्या आत शुद्ध धैवत कोमल होऊन पंचमावर उतरतो आणि गाणं क्षणभर हळवं होतं. 'इन माय लाइफ' एच्या पट्टीत आहे, तिथे डी आणि मग डी मायनर. 'नोव्हेअर मॅन'मध्ये ए मायनर, 'इफ आय फेल'मध्ये जी मायनर, 'शी लव्हज यू'मध्ये सी मायनर. नावं वेगळी, काम एकच.

कोमल निषादावरचा मेजर. 'अ हार्ड डेज नाइट' जीमध्ये आहे आणि मधेच एफ घुसतो. 'हे ज्यूड'चा तो न संपणारा शेवट एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ असा फिरतो. ऐकताना 'हे जरा खमाजसारखं वाटतंय' असं मनात आलं की हा कॉर्ड शोधा.

रिषभावरचा मेजर, जिथे नियमाने मायनर यायला हवा. 'एट डेज अ वीक': डी, ई, जी, डी. 'यू वोन्ट सी मी': ए, बी, डी, ए. दोन्ही शेजारी ठेवून वाजवा, सख्खी भावंडं आहेत.

चौथी माझी लाडकी आहे. कॉर्ड जवळपास तोच राहतो आणि खालचा सूर सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा पायरी-पायरीने उतरतो. 'डिअर प्रूडन्स'मध्ये डी, सी, बी, बी फ्लॅट. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मध्ये ए, जी, एफ शार्प, एफ. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'मध्येही ए, जी, एफ शार्प, एफ. एक लेननचं ऋषिकेशमधलं, एक हॅरिसनचं, एक १९६७ चं रंगीबेरंगी, आणि तिघांचा पाया तोच. हे ज्याला दिसलं त्याला तिन्ही गाणी एका बैठकीत बसतात.

पुढच्या खोडी तुम्हीच शोधा.

एक गाणं बसवायची रीत

'हियर कम्स द सन' घेऊ. १९६९ च्या वसंतात हॅरिसनने गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या बागेत बसून ते रचलं.

पहिले दोन दिवस गिटारला हात लावू नका. गाणं फक्त ऐका, आणि कडवं, ध्रुवपद, मधला तुकडा कुठे सुरू होतो ते एका कागदावर मांडा. आपल्याकडे बंदिश आधी ऐकूनच मनात बसवतात. गिटारवाले मात्र थेट इंटरनेटवरच्या कॉर्डच्या पानावर उडी मारतात. तिथे चुका भरपूर असतात आणि एकाची चूक दहा ठिकाणी उतरवलेली असते. ती पानं बघा, पण स्वतः एकदा कानाने शोधून झाल्यावर, ताळा म्हणून.

मग पट्टी शोधा. गाणं ए मेजरमध्ये ऐकू येतं, आपल्या भाषेत पांढरी सहा. पण ए मेजरचा नेहमीचा कॉर्ड धरून ते झुळझुळणं येत नाही. कारण हॅरिसनने कॅपो सातव्या फ्रेटवर लावलाय आणि हात डीच्या आकारात आहे. कॉर्ड बरोबर असूनही आवाज चुकीचा वाटतो तेव्हा नव्वद टक्के वेळा कॅपोची किंवा मोकळ्या तारांची भानगड असते. 'नॉर्वेजियन वुड' दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि डीचा आकार. 'यस्टरडे'त कॅपो नाही, उलट सगळी गिटार एक पूर्ण स्वर खाली उतरवली आहे. हात जीचा, ऐकू येतं एफ.

आता कडवं. आकार डी, जी आणि ए सेव्हन, ध्रुवपदात ई सेव्हन येतो. डीचा आकार धरून ठेवा आणि करंगळी-अनामिकेने वरची चाल त्यातच काढा. कॉर्ड आणि चाल दोन्ही एकाच हातात आहेत, ही खरी मेख. उजवा हात आधी रिकाम्या तारांवर, मग एकच कॉर्ड, मग दोन.

ध्रुवपदानंतर तीन-तीनच्या गटांनी उतरत येणारा तुकडा लागतो. पायाचा ठेका चारचा आणि बोटं तीनच्या गटात. 'धागेना धागेना' असं म्हणत बारापर्यंत जा, शेवटी चारची भर घालून समेवर या.

मधला तुकडा सगळ्यांना अडवतो. आकार एफ, सी, जी, डी, मग ए सेव्हन. लयीच्या दृष्टीने तो साधारणपणे ११/८, ४/४, ७/८ असा लिहितात. हे अंक बघून घाबरू नका. टाळीने मोजा: तीन, तीन, तीन, दोन. मग आठ. मग सात. तबल्याशी थोडीही ओळख असेल त्याला इथे तिहाईची आठवण येते, आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या मित्राला जे आठवडाभर छळतं ते आपल्याकडच्या माणसाला एका रविवारी जमू शकतं. सॉफ्टवेअरमध्ये एवढाच तुकडा निम्म्या वेगाने फिरता ठेवा, तोंडाने मोजणं थांबलं की वेग वाढवा.

शब्द सगळ्यात शेवटी. हाताने एकदा लिहून काढा, मग गिटारशिवाय चालताना म्हणा. वाजवताना शब्द अडला की हात अडतो आणि आपल्याला वाटतं कॉर्ड विसरला.

शेवटची पायरी: मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळं छान वाटतं.

कान फसतात ते इथे

ट्यूनर लावून गिटार अचूक जुळवली आणि तरी रेकॉर्डशी जुळत नाही, असं १९६६ नंतरच्या गाण्यांत वारंवार होईल. दोष तुमचा नाही. ते लोक टेपचा वेग मुद्दाम बदलत. 'व्हेन आयॅम सिक्स्टी-फोर' सीमध्ये वाजवलं आणि टेप पळवून काळी एकवर नेलं, मॅकार्टनीचा आवाज कोवळा वाटावा म्हणून. 'रेन'ची साथ भरभर वाजवून मग संथ केली. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये तर वेगळ्या पट्टीचे आणि वेगळ्या लयीचे दोन टेक आहेत, साधारण एका मिनिटावर जोडलेले. एकाचा वेग वाढवला, दुसऱ्याचा कमी केला, तेव्हा ते जुळले. 'इन माय लाइफ'मधला पियानो त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली वाजवला होता.

अशा वेळी गिटार पिळत बसू नका. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डच थोडी वर-खाली करून तुमच्या गिटारला जुळवा आणि वहीत तेवढी नोंद ठेवा.

उलट पहिल्या दोन अल्बमांची स्टिरिओ आवृत्ती शिकणाऱ्यासाठी वरदान आहे. दोनच ट्रॅकवर रेकॉर्ड केल्यामुळे वाद्यं बहुतांश डाव्या कानात आणि आवाज उजव्या कानात आहेत. उजवा इअरफोन काढा, गिटारी स्वच्छ ऐकू येतात. डावा काढा, लेनन-मॅकार्टनीच्या आवाजांचे थर उलगडतात. २००९ ची आवृत्ती निवडा, अलीकडच्या नव्या मिक्समध्ये आवाज मधोमध आणलेले असतात.

'अ हार्ड डेज नाइट'च्या पहिल्या कॉर्डवर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. हॅरिसनने स्वतः सांगितलं होतं, बारा तारांच्या गिटारवर एफ आणि वर जी. म्हणजे एफचा बार धरा आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. खाली बासवर डी आहे, म्हणून एकट्या गिटारवर ते कधी पुरतं तसं वाजत नाही. एवढ्यावर सोडा आणि पुढे चला.

गळा

लेनन आणि मॅकार्टनी दोघेही उंच गातात. तुमची पट्टी काळी एकच्या आसपास असेल तर अर्धी गाणी मूळ पट्टीत ताणली जातील. पहिल्या पायरीच्या गाण्यांची पट्टी बिनदिक्कत बदला. दुसऱ्या पायरीची मूळ पट्टीत वाजवा आणि गाणं दुसऱ्याकडे द्या, किंवा एक सप्तक खाली म्हणा.

दोन आवाजांची सुरुवात 'प्लीज प्लीज मी' या गाण्यापासून करा. लेनन उतरत येतो आणि मॅकार्टनी वर एकच सूर धरून ठेवतो. तानपुऱ्याच्या सवयीच्या कानाला हे सोपं जातं. मग 'इफ आय फेल', ज्यात वरचा आवाज इतका सुरेल आहे की पुष्कळांना तीच मुख्य चाल वाटते. मग 'धिस बॉय'चे तीन आवाज. 'बिकॉज'ला तीन आवाज तीनदा रेकॉर्ड करून नऊ केले आहेत, ते कुणी गाणारे मिळाले तरच.

बासचं काय? मॅकार्टनीचा बास गाण्यात दुसरी चाल म्हणून फिरतो. 'रेन' आणि 'समथिंग' यांचे बास गिटारच्या खालच्या चार तारांवर शिका, बास गिटार नसली तरी. त्याने कॉर्डची समज जेवढी वाढते तेवढी कुठल्या पुस्तकाने वाढत नाही. रिंगोच्या ड्रमवर वेगळा लेख लागेल. तो डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवायचा, म्हणून त्याचे तुकडे उजव्या हाताच्या ड्रमरला अवघडल्यासारखे वाटतात.

भारतीय वळणाची तीन

'लव्ह यू टू', 'विदिन यू विदाउट यू' आणि 'द इनर लाइट' ही तीन गाणी परदेशातले हौशी लोक बहुधा सोडून देतात. आपण सोडायची नाहीत. पहिल्यातला तबला अनिल भागवत यांचा, आणि 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. 'द इनर लाइट'ची वाद्यं तर जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत रेकॉर्ड झाली. हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी तिथे आला होता. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, सरोद आशिष खाँ यांचा. लंडनला नेऊन त्यावर फक्त गाणं चढवलं.

ही तिन्ही गिटारवर सुरू करू नका. पेटी घ्या आणि आधी सरगम काढा. 'विदिन यू विदाउट यू' खमाज थाटात आहे. कडव्यांत सोळा मात्रांचा तीनताल धरता येतो, मधल्या वाद्यांच्या भागात लय पाचाच्या गटांत, झपतालाच्या अंगाने जाते. ओळखीत तबला वाजवणारं कुणीतरी असतंच, त्याला चहाला बोलवा. गिटारवर वाजवायचंच असेल तर स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी) वापरा, नाहीतर मींड निघत नाही.

स्टुडिओत घडलेली गाणी

यातली बरीच दिसतात त्यापेक्षा सोपी आहेत. 'एलेनोर रिग्बी'त एकही बीटल वाद्य वाजवत नाही, सगळी आठ तंतुवाद्यं. पण खाली कॉर्ड दोनच, ई मायनर आणि सी. 'टुमॉरो नेव्हर नोज' सीवरच उभं आहे, मध्ये बी फ्लॅट डोकावतो. 'आय ॲम द वॉलरस'मध्ये जवळजवळ सगळे कॉर्ड मेजर आहेत, फक्त कुठून कुठे जातील याचा नेम नाही. 'अ डे इन द लाइफ'मधला वाद्यवृंदाचा चोवीस मात्रागटांचा चढाव गिटारवर सरळ मोजून, खालच्या तारेपासून वरपर्यंत सरकत काढा. लोक हसतील, पण ओळखतील. 'रेव्होल्यूशन ९' वाजवण्याची वस्तूच नाही. एकदा पूर्ण ऐका, आठ मिनिटांच्या वर आहे, आणि यादीत बरोबरची खूण करा.

विसरू नये म्हणून

शिकण्यापेक्षा टिकवणं जड आहे. शंभराव्या गाण्यापाशी पहिली वीस गळायला लागतात आणि तिथे बरेच जण हताश होतात. यावरचा उपाय जुनाच: चिठ्ठ्या. प्रत्येक बसलेल्या गाण्याची एक चिठ्ठी डब्यात टाका आणि रोज सात काढून वाजवा. सगळी २१३ झाली तरी महिन्यात एकदा प्रत्येकाची पाळी येते आणि रोज वीसेक मिनिटंच जातात. अडखळलेली चिठ्ठी वेगळ्या डब्यात, ती तीन दिवसांनी पुन्हा. नवं गाणं या वीस मिनिटांनंतर घ्यायचं, आधी नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी एक अख्खा अल्बम सलग वाजवा. गाणं सुटं येणं आणि चौदा गाणी एकापाठोपाठ, कॅपो हलवत, आवाज सांभाळत येणं यात फार अंतर आहे. पहिला अल्बम यासाठी उत्तम, जेमतेम अर्ध्या तासाचा. बीटल्सनीही त्याचा बहुतेक भाग ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड केला. लेननला सर्दी होती, म्हणून गळा फाडून म्हणायचं 'ट्विस्ट अँड शाउट' अगदी शेवटी घेतलं. तुम्हीही अल्बमचा क्रम पाळा आणि ते आधी सरावाला म्हणू नका, कारण त्याच्यानंतर त्या दिवशी दुसरं काही गाता येत नाही. ते जमलं की 'ॲबी रोड'च्या दुसऱ्या बाजूची, 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'पासून 'द एंड'पर्यंतची गाण्यांची साखळी घ्या. तिच्यासाठी मात्र दुसरा गिटारवाला शोधा. 'द एंड'मध्ये तिघं आळीपाळीने सोलो वाजवतात, ते एकट्याने करण्यात मजा नाही.